सोडणे आणि टाकणे

दिवाळी सरून धानाची कापणी आटोक्यात आली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. दुपारी बाजार भरतो, दंडार किंवा खडी गंमत उभी राहते आणि रात्री नाटक असते. बपेरा हे आमचे गाव भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात अगदी राज्याच्या काठावर आहे. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा लागतो. नदीच्या दोन्ही तीरांवर सोयरिकी जुळलेल्या असल्यामुळे मंडईच्या रात्री पलीकडचे पाहुणेही मंडपात येऊन बसतात. या रंगभूमीला आता बाहेरचे लोकही ओळखू लागले आहेत. २०२३ साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्याच घरी कोणाचा सत्कार व्हावा तसे आम्हा सर्वांना वाटले.

अलीकडच्याच एका मंडईतील गोष्ट. नाटक नेहमीच्या घाटणीचे होते. तरुण-तरुणीचे प्रेम, चार गाणी, लावणीच्या वळणाचे एक नृत्य, मग गैरसमज आणि शेवटच्या अंकात नायकाचा त्याग. घराण्याची अब्रू राहावी म्हणून नायक नायिकेचा हात सोडतो, ‘तू सुखी राहा’ असे म्हणतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी माझे थोरले बंधू बसले होते. घरात आम्ही सारे त्यांना भाऊ म्हणतो. वयाची पंचाहत्तरी त्यांनी ओलांडली आहे. टाळ्या सुरू होताच ते उठले, शाल सावरली आणि मंडपाबाहेर पडले. मी त्यांच्या मागोमाग गेलो. थंडीत बराच वेळ आम्ही न बोलता चाललो. घर जवळ आल्यावर ते म्हणाले, “सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण तिला कोणी विचारलं का रे?”

मी काहीच उत्तर दिले नाही. कारण ते नाटकातल्या मुलीविषयी बोलत नव्हते, हे मला ठाऊक होते.

त्या रात्रीपासून या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला आहे. आपल्या कुटुंबांतून प्रेमकथांविषयी जेव्हा बोलणे निघते, तेव्हा ते बहुधा एकाच मुद्द्यावर येऊन थांबते: यात शृंगार किती आहे? मुलांनी हे पाहावे की नाही? शृंगार थोडा असला तर कथा चालण्यासारखी, फार असला तर वाईट. आणि शेवटी त्याग असला तर मात्र ती उदात्त, असे आपले ढोबळ माप आहे. वासना एका पारड्यात आणि त्याग दुसऱ्या पारड्यात घालून आपण प्रेमाचे वजन करतो. शाहीर राम जोशी लावणी सोडून कीर्तनाकडे वळले, ही कथा आपण किती आवडीने सांगतो! जणू तारुण्यात लावणी आणि उतारवयात अभंग, यापलीकडे प्रेमाला तिसरी वाटच नाही. हे माप मुळातच चुकीचे आहे, असे मला आता वाटते. कथेत आसक्ती किती आणि त्याग किती, हा खरा प्रश्न नव्हे. ज्याच्यावर प्रेम आहे ते माणूस त्या कथेत माणूस म्हणून उरले आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

हे समजून घेण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. संस्कृत नाटककार भवभूती हा आमच्याच परिसरातला. आठव्या शतकाच्या आरंभी तो होऊन गेला. कनोजचा राजा यशोवर्मा याच्या आश्रयाला तो होता, असे कल्हणाच्या राजतरंगिणीवरून कळते. आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत त्याने आपले मूळ गाव पद्मपूर असल्याचे सांगितले आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे प्रतिपादन केले. हा भाग १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता. आमगावच्या महाविद्यालयाला आज भवभूतीचेच नाव आहे. त्याची तीन नाटके आपल्यापर्यंत आली आहेत. त्यांपैकी ‘मालतीमाधव’ हे निखळ शृंगाराचे आणि ‘उत्तररामचरित’ हे करुणेचे, असे शाळा-महाविद्यालयांतून शिकवले जाते. पण ही दोन्ही नाटके शेजारी ठेवून वाचली म्हणजे ध्यानात येते की कवी दोन वेगळे विषय हाताळीत नसून एकाच प्रश्नाच्या दोन टोकांना हात घालीत आहे.

‘मालतीमाधव’ हे दहा अंकांचे प्रकरण आहे. माधव हा विदर्भराजाच्या मंत्र्याचा मुलगा. पद्मावती नगरीत तो शिकायला येतो. मालती तेथील मंत्र्याची कन्या. मदनोत्सवात दृष्टभेट होते, माधवाने ओवलेली बकुळीची माळ मालतीच्या गळ्यात जाते आणि दोघेही झुरू लागतात. मालतीच्या बापाला मात्र राजाच्या मर्जीपुढे मान तुकवावी लागते; राजाचा आवडता नंदन हा तिच्यासाठी वर म्हणून पुढे केला जातो. येथवर ही कोणत्याही मंडईत शोभेल अशी कथा आहे. भवभूती शृंगाराला लाजत नाही. अंगावर येणारा काटा, सुकलेली काया, निद्रेचा नाश, सारे तो मोकळेपणाने वर्णितो.

आपल्या वाचकांना नवल वाटेल अशी एक गोष्ट या नाटकात आहे. या प्रेमिकांची पाठराखीण कोण? कामंदकी नावाची एक वृद्ध बौद्ध संन्यासिनी! जिने स्वतः संसाराचा त्याग केला, तीच या दोघांचा संसार उभा राहावा म्हणून जिवाचे रान करते. विरक्तीचा आणि प्रेमाचा उभा दावा आहे असे कवीला वाटत नाही. तिने सोडला तो स्वतःचा संसार. इतरांच्या सुखाकडे तिने पाठ फिरवलेली नाही. सहाव्या अंकात ती या दोघांना उपदेश करते. पतिपत्नींनी एकमेकांच्या ठिकाणी मित्र, आप्त आणि आयुष्यभराची ठेव पाहावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे. देहाच्या ओढीतून निघालेली ही वाट मैत्रीपर्यंत गेली पाहिजे, एवढेच तिचे मागणे आहे. ओढ मरावी असे तिला मुळीच वाटत नाही.

आता ‘उत्तररामचरित’ पाहू. पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. सीता गर्भवती आहे. ती दमते आणि रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपी जाते. झोपलेल्या पत्नीकडे पाहत राम प्रेमाविषयी जे चिंतन करतो, ते भारतीय साहित्यातील दांपत्यप्रेमाचे शिखर मानले जाते. सुखात आणि दुःखात जे सारखेच राहते, वार्धक्य ज्याचा रस हिरावून घेत नाही, काळ जाईल तसतसे संकोचाचे पडदे गळून जे मुरत जाते, अशा प्रेमाविषयी तो बोलतो. आणि नेमक्या त्याच क्षणी दुर्मुख नावाचा हेर आत येतो. लोकांत सीतेविषयी जे बोलले जात आहे ते तो रामाच्या कानात सांगतो. ते शब्द कवी आपल्याला ऐकूही देत नाही. राम मूर्च्छित होतो. सावध झाल्यावर सीतेला वनात धाडण्याची आज्ञा देतो. जिचे डोके अजून बाहूवर आहे, तिला न जागवता आणि न विचारता.

याच अंकात थोडे आधी राम म्हणून गेलेला असतो की प्रजेच्या संतोषासाठी स्नेह, दया, सौख्य, फार काय जानकीसुद्धा सोडावी लागली तरी आपल्याला व्यथा होणार नाही. ऐकताना किती उदात्त वाटते! पण भवभूतीने या यादीत स्नेहाच्या आणि सौख्याच्या पंक्तीला जानकीला बसवले आहे, तिकडे लक्ष द्यावे. स्नेह माझा, सौख्य माझे. ती मी सोडू शकतो. जानकी मात्र माझी वस्तू नव्हे. माझ्या मालकीच्या सुखाचा त्याग करणे वेगळे आणि माझ्यावर विसंबलेल्या माणसाचा त्याग करणे वेगळे. एकाच क्रियापदाखाली या दोन गोष्टी बसतात म्हणून त्या एक होत नाहीत.

मराठीने हा फरक फार स्पष्ट राखला आहे. आपल्याकडे ‘सोडणे’ आहे आणि ‘टाकणे’ आहे. पक्ष्याला आपण सोडतो, हातातली दोरी सोडतो, हट्ट सोडतो. पण नवऱ्याने नांदवली नाही त्या स्त्रीला आपण ‘सोडलेली’ म्हणून थांबत नाही, ‘टाकलेली’ म्हणतो. कचरा टाकतात, ओझे टाकतात, तशी टाकलेली. या विशेषणाचे पुल्लिंगी रूप व्याकरणात आहे, बोलण्यात मात्र ते फारसे आढळत नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

येथे मला स्वतःच्या घरातली गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सुमारे पन्नास वर्षांपूर्वी भाऊंचे लग्न नदीपलीकडच्या एका गावी ठरले होते. खरे म्हणजे त्या दोघांनी ते ठरवले होते आणि दोन्ही घरांनी साखरपुडा करून त्याला संमती दिली होती. भाऊ तेव्हा चोवीस वर्षांचे होते, मी सतरा वर्षांचा. त्यांचे तिच्यावर किती प्रेम होते याचा मी साक्षी आहे. सायकलवर टांग टाकून नदीकडे निघालेले भाऊ मला आजही दिसतात. त्या हिवाळ्यात तिच्या गावच्या मंडईत नाटक ठरले आणि बाहेरून यायची नटी आलीच नाही. मुलीचा गळा गोड होता; तालमी पाहून पाहून संवाद पाठ होते. वडिलांच्या परवानगीने तिने ती एक रात्र निभावून नेली. नाटकात एक प्रणयप्रसंग होता. आठवड्याभरात त्या प्रसंगाच्या निरनिराळ्या आवृत्त्या नदीच्या अलीकडे येऊन पोचल्या, आणि प्रत्येक आवृत्ती आधीपेक्षा रंगतदार होती.

आमच्या घराला मान होता. आडगावातल्या ख्रिस्ती घराकडे दहा डोळे लागलेले असतात, हे वडिलांचे आवडते वाक्य होते. दोन महिने घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. अखेर भाऊंनी चिठ्ठी लिहिली. ‘तुझ्या सुखाच्या आड मी येणार नाही, तुला मोकळे करतो,’ असा तिचा मथितार्थ होता. ती चिठ्ठी पोचवायला मला धाडले. उन्हाळा लागला होता, पात्र ओसरले होते; वाळू तुडवीत मी पायीच पलीकडे गेलो. तिने दारात उभे राहून चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि विचारले, “ते स्वतः का नाही आले?” मी खाली पाहत राहिलो. मग ती म्हणाली, “मोकळं करतो म्हणतात. मला बांधलं कोणी होतं?” एवढे बोलून तिने मला प्यायला पाणी दिले, सोबत गुळाचा खडा दिला. उन्हातून आलेल्याला द्यायचा असतो म्हणून.

भवभूतीचा दुर्मुख हा हलका माणूस; पण रामाची आज्ञा ऐकताच तो विरोध करतो. अग्नीत शुद्ध ठरलेल्या, पोटात वंशाचा अंकुर वाढवणाऱ्या राणीविषयी दुर्जनांच्या बोलण्यावरून असा निश्चय कसा केला, असे तो धन्याला विचारतो. मी तेवढेही केले नाही. पुढे अनेक वर्षे शाळेत मुलांना शिकवताना हा अंक आठवला की मला दुर्मुखाची लाज वाटत नसे, स्वतःची वाटे.

गावात भाऊंचे कौतुक झाले. पोराने मन मारले पण घराची अब्रू राखली, असे मोठी माणसे म्हणत. ‘त्यागी’ ही पदवी त्यांना तेव्हाच मिळाली. आणि पलीकडच्या गावात, लग्न झालेले नसतानाही, तिला मिळाली ती ‘टाकलेली’ ही पदवी. त्याग एकाने केला आणि त्याची किंमत दुसरीने भरली. ज्या त्यागाची फेड दुसऱ्याच्या आयुष्यातून होते त्याला त्याग का म्हणावे, हा प्रश्न त्या काळी आमच्या घरात कोणाला पडला नाही.

कोणी म्हणेल, मग काहीच सोडू नये काय? प्रेम म्हणजे धरून ठेवणे काय? नाही. धरून ठेवण्याचा दुसरा अतिरेकही आमच्या विदर्भाने पाहिला आहे. २०२०च्या फेब्रुवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका तरुण प्राध्यापिकेला तिच्या मागे लागलेल्या माणसाने भर रस्त्यात पेटवून दिले. आठवड्याभराने ती गेली. दोन वर्षांनी न्यायालयाने त्या माणसाला जन्मठेप ठोठावली. वृत्तपत्रांतून अशा घटनांना ‘एकतर्फी प्रेम’ म्हणण्याची वाईट सवय आपल्याला लागली आहे. तिच्या नकाराला किंमतच नव्हती, तर त्यात प्रेम कोठे होते? पण या घटनेमागे कथांचाही वाटा आहे, हे आपण नाकारू नये. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या चित्रपटांनी शिकवले की मुलगी नाही म्हणते ते लाजून, आणि पाठलाग चिकाटीने केला की ती वश होते.

वरवर पाहता हिंगणघाटचा गुन्हेगार आणि मंडईतल्या नाटकाचा त्यागी नायक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि अपराधाच्या दृष्टीने ते आहेच. परंतु एका बाबतीत दोघांची जात एक आहे. दोघांनीही तिला विचारले नाही. एकाने ती आपलीच म्हणून धरली, दुसऱ्याने ती आपलीच म्हणून दिली. कथेतील शृंगार किती टक्के आहे हे मोजत बसणाऱ्या आपल्यासारख्या पालकांची नजर या साम्यावर पडतच नाही, कारण शेवटी त्याग असला की आपण निश्चिंत होतो.

आपल्या पवित्र शास्त्रातही शृंगाराचे एक पुस्तक आहे, आणि ते आपण घरात क्वचितच उघडतो. ‘गीतरत्न’ हे अवघ्या आठ अध्यायांचे. संत बर्नार्ड यांनी त्यावर ८६ प्रवचने दिली आणि तरी ते तिसऱ्या अध्यायाच्या उंबरठ्यापलीकडे गेले नाहीत! ज्याला आपण लाजतो त्यात मठातल्या त्या संन्याशाला एवढे धन सापडले. या पुस्तकाची एक गोष्ट भाऊंच्या प्रश्नानंतर मला प्रथमच जाणवली. त्यात पहिला उद्गार स्त्रीचा आहे आणि शेवटचाही स्त्रीचाच. ती बोलावते, शोधते, रात्री नगरात हिंडते, पहारेकऱ्यांचा मार खाते, पण गप्प बसत नाही. तिला कोणी विचारले का, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही, कारण कथाच तिच्या तोंडून सुरू होते.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५च्या नाताळाच्या दिवशी स्वाक्षरी केलेल्या आपल्या पहिल्या परिपत्रकात याच पुस्तकाचा आधार घेतला आहे. ख्रिस्ती धर्माने देहप्रीतीला विष पाजले, या नीत्शेच्या आक्षेपाला त्यांनी बगल दिली नाही. गीतरत्नात प्रेमासाठी येणाऱ्या दोन हिब्रू शब्दांकडे त्यांनी लक्ष वेधले आहे. एक ‘दोदीम’, म्हणजे अजून चाचपडणारी, शोध घेणारी, अस्थिर प्रीती; आणि दुसरा ‘अहबा’, म्हणजे समोरचे माणूस खऱ्या अर्थाने गवसल्यावरची प्रीती, जी त्याचे भले चिंतते आणि त्यासाठी झीज सोसायला तयार होते. पहिलीला मारून दुसरी जन्मत नाही; पहिलीच निवळून दुसरी होते, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. कामंदकीने आपल्या उपदेशात दाखवलेली वाट याहून फार निराळी नाही.

ही झीज कोणती? योहानाच्या शुभवर्तमानातील बागेचा प्रसंग मला येथे आठवतो. पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालिया मरिया रडत उभी असते. प्रभू तिला आधी नावाने हाक मारतो आणि मगच आपल्याला धरून न ठेवण्यास सांगतो. त्यानंतर तिच्या हाती निरोप देऊन तिला शिष्यांकडे पाठवतो. तिची पकड सुटते, पण ती टाकली जात नाही. उलट त्या क्षणापासून तिला नाव आहे, काम आहे, आवाज आहे. सोडणे म्हणजे काय आणि टाकणे म्हणजे काय, याचा याहून स्वच्छ धडा मला ठाऊक नाही.

म्हणून मुलांसोबत नाटक पाहताना किंवा कादंबरी वाचताना, शृंगाराचे प्रसंग आले की त्यांचे डोळे झाकण्यापेक्षा, पालकांनी त्यांच्याशी तीन गोष्टींविषयी बोलावे असे मला सुचवावेसे वाटते. या कथेत दोघांनाही आवाज आहे की एकालाच? सोडले जात आहे ते स्वतःचे काही आहे की दुसरे माणूस? आणि त्यागाची किंमत कोण भरतो, कौतुक कोणाचे होते? प्रौढ वाचकांनी तर हे प्रश्न स्वतःच्या घरालाही विचारावेत. मुलीने मनाविरुद्ध लग्न केले म्हणून ‘आम्ही तिला सोडून दिलं’ असे म्हणणारे आईबाप आपल्यातही आहेत. त्यांनी सोडले की टाकले?

भवभूतीच्या नाटकाचा तिसरा अंक दंडकारण्यात, जनस्थानात घडतो. बारा वर्षे लोटली आहेत. गंगेच्या वरामुळे सीता अदृश्य आहे. तमसा नदी सखीच्या रूपात तिच्यासोबत आहे. राम जुनी ठिकाणे पाहून कोसळतो, आणि अदृश्य सीतेच्या हाताच्या स्पर्शाने सावध होतो. वनदेवता वासंती मात्र त्याला धारेवर धरते. प्रिय पत्नीशी असे का वागलास, असे रोखठोक विचारते. लोकांना सहन होत नाही म्हणून, एवढेच त्याच्यापाशी उत्तर आहे. देवत्व पावलेल्या नायकाला कवीने एका वनदेवतेसमोर असे उभे केले, याचे मला फार मोल वाटते. यज्ञात आपल्याशेजारी सीतेचीच सुवर्णप्रतिमा आहे, असे राम सांगतो, तेव्हा कोठे सीतेच्या काळजातील शल्य निघते. ते शल्य विरहाचे नव्हते, टाकले गेल्याचे होते.

पण भवभूती एवढ्यावर थांबत नाही. रामाचे अश्रू खरे असले तरी पुरेसे नाहीत, हे त्याला कळते. अन्याय चारचौघांत झाला होता, म्हणून त्याची भरपाईही चारचौघांत झाली पाहिजे. सातव्या अंकात गंगेच्या तीरावर सर्व प्रजेसमोर वाल्मीकींचे नाटक होते, अरुंधती लोकांची कानउघाडणी करते आणि मग सीतेला हाताला धरून परत आणते. वाल्मीकींच्या रामायणात सीता भूमीत जाते. भवभूतीने तो शेवट बदलला. केवळ सुखान्तासाठी त्याने तसे केले असे मी मानत नाही. ज्यांनी निंदा केली त्यांनी मान झुकवल्यावाचून कथा संपवणे त्याला न्यायाचे वाटले नसावे.

त्या मंडईनंतरच्या प्रायश्चित्तकाळात भाऊ एक दिवस मला म्हणाले, “चल, नदीपलीकडे जाऊ.” वहिनी वारून आता सहा वर्षे झाली आहेत. संसार त्यांनी चांगला केला. त्या माउलीला त्यांनी कधी दुखवले नाही, हे मी येथे मुद्दाम नमूद करतो. नदीवर आता पूल आहे. वाहनातून आम्ही पाच मिनिटांत तो ओलांडला. ती बाई पुढे परिचारिका झाली, उशिरा लग्न झाले, घरात नातवंडे आहेत. अंगणात खुर्च्या मांडल्या. भाऊ फार बोलले नाहीत. ते एवढेच म्हणाले की तेव्हा चिठ्ठीत जे लिहिले ते खरे नव्हते, लोकांना भ्यालो हे खरे होते, आणि तुमचे काही चुकले नव्हते. क्षमा मागितली, पण क्षमा केलीच पाहिजे असा आग्रह धरला नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “या वेळी स्वतः आलात.” नातीला हाक मारून त्यांनी पाणी आणवले, सोबत गूळ होता.

पुनरुत्थानाच्या सणाला सगळे घर जमले होते. जेवणे झाल्यावर भाऊंनी मुलांना, सुनांना, नातवंडांना बसवून ही हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगितली. लहानपणापासून ज्यांनी ‘आजोबा किती त्यागी’ असे ऐकले होते, त्यांना ते म्हणाले, “तो त्याग नव्हता. मी भ्यालो होतो.” कोणी काही बोलले नाही. थोरल्या नातीच्या लग्नाची बोलणी त्या दिवसांत चालली होती. भाऊंनी तिच्याकडे पाहून विचारले, “तुला काय वाटतं, ते सांग.” तिने सांगायला सुरुवात केली, आणि आम्ही ऐकत बसलो.